चव सिचुआनची, जिन्नस जगभरचे

चेंगदू शहराच्या वायव्येला पीशियान आहे. सरकारी कागदोपत्री आता त्याला पीदू जिल्हा म्हणतात. तिथल्या जुन्या मसालेवाल्यांच्या अंगणात मातीचे मोठाले रांजण रांगेनं मांडलेले असतात. रांजणात असतो बाकल्याचा जाड दाणा आणि मीठ लावून मुरवलेली लाल मिरची. बाकला आधी सोलतात, उकळत्या पाण्यातून जेमतेम काढतात आणि गव्हाच्या पिठात घोळवून ठेवतात. त्यावर बुरशी धरू द्यायची, ती नीट धरली की दाणा मिठाच्या पाण्यात मुरवायचा आणि मग मिरचीत मिसळायचा. खरं काम इथून पुढं सुरू होतं. रोज लाकडी दांड्यानं रांजण तळापासून वर-खाली करायचा. दिवसा झाकण काढून ऊन द्यायचं, रात्री दव पडू द्यायचं आणि पाऊस येतोय असं वाटलं की बांबूची टोकदार टोपी चढवायची. वर्षभरात मसाला लालभडक आणि खमंग होतो. तीन वर्षं राहिला तर काळपट तपकिरी होतो, अंगाला तुकतुकी येते आणि वासात एक खोल गोडसरपणा उतरतो. हे दौबानजिआंग. सिचुआनचे स्वयंपाकी त्याला आपल्या पाककलेचा प्राण मानतात.

या प्राणाचे घटक कुठून आले ते पाहण्यासारखं आहे. मिरची अमेरिका खंडातली. ती सोळाव्या शतकात समुद्रमार्गे आशियात आली. बाकला पश्चिम आशियातला, गहूही तिकडचाच. चीनचं स्वतःचं म्हणावं असं त्या रांजणात मीठ आहे आणि बुरशीला कामाला लावण्याची दोन हजार वर्षांहून जुनी विद्या आहे.

हे सांगण्याचं कारण असं, की चिनी जेवणाबद्दल बोलताना हल्ली ‘अस्सल’पणाला नको तितका भाव आला आहे. चीनमध्ये ‘पाच हजार वर्षांची अखंड परंपरा’ असा गौरव होतो. चीनबाहेर ‘हे खरं चायनीज नव्हेच’ असा शेरा मारून पानं बाजूला सारली जातात. दोन्हीकडे गृहीत एकच, की कुठंतरी एक शुद्ध, मूळ चिनी स्वयंपाक होता आणि बाकी सगळं भेसळ आहे. इतिहास या समजुतीला आधार देत नाही. जिन्नस बाहेरून आले, माणसं विस्थापित झाली, राज्यं बुडाली. टिकली ती रीत. चिनी स्वयंपाकाचा अभिमान बाळगायचाच असेल, तर तो या रीतीचा बाळगावा.

गव्हाचंच घ्या. उत्तर चीनचं मूळ धान्य राळा आणि वरी, तर यांगत्से नदीच्या खालच्या खोऱ्यात भात. चिंगहाई प्रांतात लाजिया इथं चार हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत एका उपड्या वाडग्याखाली शेवयांचा गुंता सापडला. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार त्या राळा आणि वरीच्या पिठाच्या होत्या. गहू त्याच सुमाराला पश्चिमेकडून येऊन पोचला होता, पण त्याला मानाचं पान मिळायला बराच काळ गेला. पुढं जाती रुळल्या, पीठ मुबलक झालं आणि गव्हाचं नशीब पालटलं. पण पश्चिम आशियात हे पीठ भट्टीत गेलं आणि त्याची रोटी-पाव झाला, तसं इथं सर्रास झालं नाही. चिनी चुलीवर नवाश्मयुगापासून आपल्या मोदकपात्रासारखं, तळाला भोकं असलेलं मातीचं भांडं होतं. गव्हाचं पीठ त्यात शिरलं आणि वाफेवर फुगून मांतौ झालं. उकळत्या पाण्यात गेलं तर नूडल्स आणि ज्याओझ (सारण भरलेले कानवले) झालं. पाहुण्याला घर मिळालं, पण घरच्या पद्धतीनं राहण्याच्या अटीवर.

मुरवण्याची विद्याही अशीच. चांगशाजवळ मावांगदुई इथं 1972 साली उघडलेल्या कबरीत हान काळातल्या एका सरदाराच्या पत्नीचा, शिन झुईचा, देह जवळजवळ शाबूत सापडला. काळ इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाचा. तिच्यासोबत पुरलेल्या सामानाची यादी 312 बांबूपट्ट्यांवर लिहिलेली आहे आणि त्यातला मोठा हिस्सा खाद्यपदार्थांचा आहे. मडक्यांत मुरवलेलं काळं सोयाबीनही निघालं. तिच्या पोटात खरबुजाच्या 130हून अधिक बिया होत्या. शेवटचं खाणं काय होतं, हे दोन हजार वर्षांनी कळावं इतका तपशील फार थोड्या संस्कृतींनी मागं ठेवला आहे.

मग येतात जिया सिशिये. सहाव्या शतकाच्या पूर्वार्धात या अधिकाऱ्यानं ‘चीमिन याओशू’ हा ग्रंथ लिहिला. नांगरटीपासून सुरुवात करून तो पशुपालन, मद्य, शिरका, मुरवलेली सोया, लोणची आणि शेवयांपर्यंत येतो. शिरक्याच्याच वीसहून अधिक कृती त्यात आहेत. बुरशी कोणत्या महिन्यात धरवावी, पाणी कसं असावं, भांडं कधी हलवू नये, हे सगळं तो शेतकऱ्याला समजेल अशा भाषेत सांगतो. आणि तो कोणत्या राज्यात लिहितो? उत्तर वेई राज्यात. तिथले राज्यकर्ते मूळचे गवताळ प्रदेशातले तुओबा होते. त्यामुळं चिनी पाकविद्येच्या या आद्य कोशात मेंढीचं मांस आहे, दही आहे, तिळाच्या भाकऱ्या आहेत आणि मध्य आशियाई पद्धतीचं भाजलेलं मांस आहे. ज्याला ‘मूळ’ म्हणून दाखवायचं तो ग्रंथच निम्मा पाहुणचाराचा आहे.

भारताचा वाटाही लहान नाही. लियांग राज्याच्या सम्राट वूनं (502–549) बौद्ध भिक्षूंना मांस वर्ज्य केलं. विहारांच्या स्वयंपाकघरांतून पुढं सोया आणि गव्हाच्या चिकट प्रथिनाचे पदार्थ बहरले. मासा-बदकाची हुबेहूब नक्कल करणारे शाकाहारी प्रकार शांघायच्या मठांत आजही वाढले जातात. सातव्या शतकात, 647 साली, तांग सम्राट तायझोंगनं मगधाकडे माणसं पाठवली, ती उसापासून साखर करण्याची कला शिकून घेण्यासाठी. पूर्व चीनमध्ये आज लाल रश्श्यात शिजणाऱ्या डुकराच्या मांसाला जी चकाकी येते, तिच्या मागं मगधाची कढई आहे.

तांगनंतरच्या सुंग काळात गावं शहरं झाली आणि शहरांत खानावळी उघडल्या. राजधानी कायफंगमध्ये रात्रभर चालणारे बाजार होते आणि दक्षिणेकडून आलेल्या अधिकाऱ्यांसाठी खास दाक्षिणात्य जेवणाची दुकानं होती. 1127 साली उत्तरेकडून आलेल्या जुर्चेन लोकांनी कायफंग घेतलं, दरबार दक्षिणेला पळाला आणि हांगझोऊत नवी राजधानी वसली. मेंग युआनलाओ या निर्वासितानं 1147 साली जुन्या शहराच्या आठवणी लिहिल्या. त्यात गल्लीबोळांसकट खानावळींची आणि पदार्थांची नावं आहेत. गमावलेल्या शहराचा शोक करताना एखाद्याला तिथले शेवयांचे वाडगे आठवावेत, हे मनाला भिडतं. पण त्याहून महत्त्वाचं घडलं ते चुलीवर. कायफंगहून हांगझोऊला आलेली एक बाई पश्चिम सरोवराच्या काठी माशाचा घट्टसर रस्सा विकायची. सुंग हे तिचं आडनाव आणि लोक तिला पाचवी वहिनी म्हणत. 1179 साली निवृत्त सम्राट गाओझोंग सरोवरावर आले असता त्यांनी तो रस्सा खाल्ला, ती मूळची जुन्या राजधानीची असल्याचं ऐकलं आणि तिला बक्षीस दिलं. उत्तरेची हातोटी, दक्षिणेच्या तळ्यातला मासा. तो रस्सा हांगझोऊची खासियत म्हणून आजही तिच्या नावानं मिळतो. निर्वासित बाईनं घडवलेल्या या पदार्थाला स्थानिक मानायला हांगझोऊला अवघड गेलं नाही.

आता मिरची. चीनमधला तिचा पहिला लेखी उल्लेख 1591चा आहे. हांगझोऊच्या गाओ ल्येननं ती शोभेचं झाड म्हणून नोंदवली. किनाऱ्यावर ती आली, पण किनाऱ्यानं तिला ताटात फारसं घेतलं नाही. ती चढत गेली डोंगराळ, गरीब मुलखात. गुइझोऊत मीठ महाग होतं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या नोंदींत तिथले लोक मिठाऐवजी मिरची वापरत असल्याचं आढळतं. ज्याच्या ताटात भाताशिवाय फार काही नाही, त्याला मिरचीचा आधार किती मोठा, हे मिरचीच्या ठेच्यावर भाकरी खाणाऱ्या महाराष्ट्राला निराळं सांगायला नको. गोव्याच्या बंदरातून पोर्तुगीजांनी आणलेली हीच मिरची जवळपास त्याच काळात दख्खनमध्ये शिरली आणि मिरीला तिनं मागं सारलं.

सिचुआनमध्ये तेव्हा वेगळीच उलथापालथ चालू होती. सतराव्या शतकाच्या मध्यावर लढाया, कत्तली, दुष्काळ आणि रोगराईनं हा सुपीक प्रांत ओसाड पडला. पुढच्या शंभरएक वर्षांत हुबेई, हुनान, ग्वांगडाँग, फुजियान, शांक्सी अशा प्रांतांतून लोकांचे लोंढे आले आणि त्यांनी जमिनी पुन्हा लागवडीखाली आणल्या. दौबानजिआंगचं श्रेय ज्या चेन घराण्याला देतात, तेही याच लाटेत फुजियानमधून आलेलं. म्हणजे आज जगभर ‘अस्सल सिचुआन’ म्हणून जे ओळखलं जातं, ते परप्रांतीयांनी परदेशी मिरचीवर उभं केलेलं आहे आणि त्याचं वय फार तर तीनशे वर्षं आहे. कुंग पाओ चिकन हा त्याचा सर्वांत प्रसिद्ध पदार्थ. सिचुआनचा गव्हर्नर असलेल्या डिंग बाओझेनच्या (1820–1886) पदवीवरून त्याचं नाव पडलं. डिंग मूळचा गुइझोऊचा. पदार्थातली सुकी मिरची आणि शेंगदाणे, दोन्ही अमेरिका खंडातले.

यात एक जिन्नस मात्र मुळापासून तिथला आहे: ह्वाज्याव. कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकाला त्याची ओळख करून द्यावी लागणार नाही, कारण बांगड्याच्या कालवणात पडणारं तिरफळ त्याच्याच कुळातलं. हान राजवाड्यात सम्राज्ञीच्या दालनाच्या भिंतींना ह्वाज्याव मिसळलेला गिलावा करत. घडांनी लगडणारं ते फळ संततीचं प्रतीक होतं. मिरची येण्यापूर्वी चीनच्या बऱ्याच भागांत तेच तिखट होतं, नंतर मुख्यतः सिचुआननं ते सांभाळलं. पण वापर निराळा. कोकणात तिरफळ बी काढून, जरासं ठेचून रश्श्यात घालतात आणि माशाचा उग्र वास मारायला त्याचा उपयोग होतो. सिचुआनमध्ये ते भाजून, पूड करून शेवटी वरून भुरभुरवतात, कारण तिथं हवी असते ती जिभेवरची झिणझिण.

ती कळते मापो तोफूत. चेंगदूच्या उत्तरेला वानफू पुलाजवळ चेन कुटुंबाची खानावळ होती आणि पदार्थाचा जन्म 1862 साली झाला असं धरतात. चेहऱ्यावर देवीचे व्रण असलेल्या मालकीणबाईंची ओळख पदार्थाला चिकटली. गिऱ्हाईक म्हणजे तेलाची ओझी वाहणारे हमाल. तोफूचे चौकोनी तुकडे आधी मिठाच्या गरम पाण्यात ठेवतात, म्हणजे कच्चट वास जातो आणि तुकडे मोडत नाहीत. कढईत मोहरीवर्गीय तेल धुरावेपर्यंत तापवून खाली उतरवतात, मग त्यात बारीक चिरलेलं गोमांस कोरडं होईस्तोवर परततात. आच कमी करून दौबानजिआंग पडतं. इथं घाई करून चालत नाही, तेल लाल होईपर्यंत परतावंच लागतं. मग मुरवलेलं काळं सोयाबीन, पाणी, तोफू. शेवटी स्टार्चचं पाणी एकदम न ओतता दोन-तीन वेळा थोडं थोडं घालतात, म्हणजे रस तुकड्यांना धरून राहतो. वर कोवळी लसूणपात आणि ह्वाज्यावची पूड. हमालाच्या पोटाला भात जास्त जावा म्हणून बनलेला पदार्थ, आणि त्यात मुरवणं, उकळणं, परतणं, दाटवणं या चारही विद्या एकत्र येतात. चिनी स्वयंपाकाचं मोठेपण राजवाड्यातल्या शंभर पदार्थांच्या मेजवानीपेक्षा या कढईत अधिक स्पष्ट दिसतं.

या रीतीवर विचार करणारी माणसंही चीनला लाभली. नानजिंगचा कवी युआन मेई (1716–1797) हा त्यांतला अग्रणी. कुणाकडे जेवण आवडलं की तो आपल्या स्वयंपाक्याला त्या घरच्या चुलीपाशी शिकायला पाठवायचा. अशा जवळजवळ चाळीस वर्षांच्या टिपणांतून 1792 साली ‘सुइयुआन शिदान’ हे पुस्तक छापलं गेलं. त्यात तीनशेहून अधिक कृती आहेत, पण खरी मौज सुरुवातीच्या सूचनांत आहे. कोंबडी, बदक, डुक्कर एकाच हंडीत शिजवून सगळ्यांची चव सारखी करू नका. नावाचा डंका वाजतो म्हणून महाग पदार्थ मागवू नका, ते कानानं खाणं झालं. टेबल भरून ताटं मांडू नका, ते डोळ्यांनी खाणं झालं. लग्नाच्या बुफेत उभं असताना या सूचना आजही आठवाव्यात. युआन मेईनं आणखी एक मोठी गोष्ट केली. वांग शाओयू या आपल्या स्वयंपाक्याचं त्यानं चरित्र लिहिलं. अठराव्या शतकात कुण्या प्रतिष्ठित कवीनं पगारी आचाऱ्याचं चरित्र लिहावं, याचं मोल फार आहे. आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या पंक्ती उठवणाऱ्या आचाऱ्यांची नावंही कुणी लिहून ठेवली नाहीत.

सणावारांतही रीत धरून जिन्नस बदलण्याची मुभा आहे. वर्षाच्या शेवटच्या चांद्रमासात, उत्तरेत 23 तारखेला आणि दक्षिणेत बहुधा 24ला, चुलीवरच्या देवाला निरोप देतात. तो वर जाऊन घरातलं बरंवाईट सांगणार, म्हणून त्याच्या तोंडाला चिकट गोड मिठाई लावायची आणि चित्र जाळायचं. नववर्षाला नवं चित्र येतं. आदल्या रात्री सगळं घर जेवायला एकत्र बसतं. उत्तरेत त्या रात्री गव्हाचे ज्याओझ, दक्षिणेत चिकट तांदळाचा न्येनगाओ. सण एक, धान्य वेगळं, आणि दोघांनाही आपलं ताट अपुरं वाटत नाही.

या परंपरेवर सर्वांत मोठा घाव बाहेरच्या जिन्नसांनी घातलेला नाही. 1958 साली गावोगावी सामुदायिक भोजनगृहं निघाली, घरच्या चुली विझवल्या गेल्या, कित्येक ठिकाणी कढयासुद्धा लोखंड वितळवण्याच्या भट्ट्यांत गेल्या. पाठोपाठ आलेल्या दुष्काळात कोट्यवधी माणसं मेली. धान्याची कुपनं 1955 साली सुरू झाली होती, ती 1993 पर्यंत चालली. सांस्कृतिक क्रांतीत कुंग पाओ चिकनचं नावसुद्धा बदलावं लागलं, कारण ते एका सरंजामी अधिकाऱ्याची आठवण देत होतं. या काळात बरीच विद्या देशाबाहेरच्या चुलींवर राहिली: हाँगकाँगला, तैपेईला आणि कोलकात्याच्या टांग्रामध्येही.

टांग्राचे हक्का लोक मूळचे ग्वांगडाँगचे. चामड्याचा धंदा आणि खानावळी ही त्यांची ओळख. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वांग मुंबईत आले आणि 1975 साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियात त्यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची, सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर यांतून चिकन मंचुरियन केलं, असं मानलं जातं. नाक्यावरच्या गाडीवरची शेजवान चटणी याच कुटुंबातली. तिच्यात ह्वाज्याव नाही, दौबानजिआंग नाही. तरी तिला नकली म्हणणं अन्यायाचं आहे. कायफंगची वहिनी हांगझोऊत जे करत होती, तेच कोलकात्याच्या मुलानं मुंबईत केलं. मोठ्या आचेवर झटकन परतणं, आधी सगळं चिरून हाताशी ठेवणं, स्टार्चनं रस धरवणं, ही सगळी रीत त्यात आहे.

तक्रार करायचीच तर दुसरी करावी. ‘अजिनोमोटो’च्या, म्हणजे ग्लुटामेटच्या, भीतीनं लोक या गाड्यांना नावं ठेवतात. टोकियोत किकुनाए इकेदा यांनी 1908 साली समुद्री शेवाळाच्या काढ्यातून वेगळं काढलेलं ग्लुटामेट आणि रांजणात मुरताना बाकल्यात तयार होणारं ग्लुटामेट एकच आहे. 1968 साली एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या पत्रावरून ‘चायनीज रेस्टॉरंट सिंड्रोम’चा गवगवा झाला. पुढच्या नियंत्रित चाचण्यांत नेहमीच्या प्रमाणात त्याचा सातत्यानं त्रास दिसला नाही. चिंता करायची तर मुरवण्याला लागणारा वेळ ताटातून नाहीसा होतोय, याची करावी.

आणि ती चिंता आज चीनमध्येच मोठी आहे. एकीकडे परंपरा मोजून-मापून बंद करण्याचा उत्साह आहे. यांगझोऊ शहरानं 2015 साली आपल्या फोडणीच्या भाताचं अधिकृत मानकच काढलं. ‘आठ थोर पाकपरंपरा’ ही विसाव्या शतकात रूढ झालेली यादी प्राचीन असल्यासारखी सांगितली जाते आणि तिच्यात युन्नान, गुइझोऊ, शिनजियांग यांना जागाच नाही. दुसरीकडे उपाहारगृहांत कारखान्यातून आलेली तयार पाकिटं फोडून गरम केली जातात आणि गिऱ्हाइकाला पत्ता नसतो. 2023च्या सप्टेंबरात ज्यांग्शी प्रांतातल्या गांझोऊत शाळेच्या जेवणात असे पदार्थ दिल्यावरून पालक संतापले, तेव्हा शिक्षण मंत्रालयाला या बाबतीत जपून पावलं टाकू असं सांगावं लागलं. 2024च्या मार्चमध्ये केंद्रीय खात्यांनी नियमावली आणली. तयार पदार्थ कशाला म्हणायचं ते ठरवलं आणि त्यांत परिरक्षकं घालायला मनाई केली. पण उपाहारगृहानं पाकिटातलं वाढतो हे गिऱ्हाइकाला सांगावं, याला त्या नियमावलीत फक्त उत्तेजन आहे. तिथं सक्ती हवी. मापो तोफूचे पैसे मोजणाऱ्याला तो समोरच्या कढईत झाला की गेल्या महिन्यात कारखान्यात, हे मेन्यूकार्डावरच छापलेलं दिसलं पाहिजे.